जुन्या टूरिंग गाडीचे गिअर: इंजिन उघडण्याआधी बाहेरून काय काय तपासावे?

बालाघाटचा_वाटसरू (अंबाजोगाई)

नमस्कार मंडळी. माझ्याकडे २०११ सालची २२० सीसीची क्रूझर आहे. एक सिलिंडर, कार्बोरेटर, पाच गिअर आणि पुढच्या बाजूला बसवलेले फूटरेस्ट, त्यामुळे पायाखालचा गिअर लिव्हर आणि इंजिनातून बाहेर येणारा शाफ्ट यांना जोडणारा एक लिंक रॉड, अशी तिची रचना आहे. कंपनीचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण ते लिहिले की पहिले दहा प्रतिसाद कोणाची कंपनी भारी यावरच जातात आणि गाडी बाजूला राहते. गाडी मी पहिल्या मालकाकडून घेतली असून मीटर नव्वद हजारांच्या पुढे गेला आहे. तुळजापूर, माहूर, वेरूळ, जमेल तेव्हा उदगीर आणि नळदुर्गचे किल्ले, असे तिचे फिरणे चालू असते, आणि बहुतेक वेळा मागे सौ. व दोन्ही बाजूंना पिशव्या असतात.

तक्रार अशी आहे की सकाळी गार इंजिनावर सगळे व्यवस्थित चालते, परंतु ऊन चढले आणि पन्नास-साठ किलोमीटर झाले की फाट्यावर थांबताना न्यूट्रल सापडत नाही. दुसऱ्यातून थेट पहिला पडतो, पहिल्यातून थेट दुसरा पडतो, आणि मधला हिरवा दिवा काही लागत नाही. कसेबसे न्यूट्रल मिळालेच, तर त्यातून पहिला टाकताना खाडकन आवाज होतो आणि क्लच पूर्ण दाबलेला असूनही गाडी बोटभर पुढे सरकते. पहिल्यातून दुसरा टाकताना कधीकधी लिव्हरला दोनदा पाय मारावा लागतो. याशिवाय मांजरसुंब्याचा घाट बीडकडे उतरताना रेस सोडून गाडी तिसऱ्यात रोखली की गिअर निसटतो आणि गाडी मोकळी धावू लागते, याची मात्र आता भीती वाटते.

एका गॅरेजमध्ये इंजिन उघडून आठ-दहा हजारांचे काम करावे लागेल असे सांगितले, दुसऱ्याने फक्त क्लच प्लेट बदला म्हटले, आणि तिसऱ्याने जुनी गाडी आहे, एवढे चालायचेच असे म्हणून चहा पाजला. इंजिन उघडण्याआधी बाहेरून काय काय तपासता येते, हे अनुभवी मंडळींनी सांगावे.

दर_फर्लांगाला_खड्डा (बीड)

तिसऱ्या गॅरेजवाल्याचे निदान मला सर्वांत प्रामाणिक वाटते, कारण त्याने निदान पैसे तरी मागितले नाहीत.

गोदाकाठ (नांदेड)

आपण वेगवेगळ्या तक्रारी एकाच चिठ्ठीवर लिहिल्या आहेत, आणि गॅरेजवाल्यांची उत्तरे वेगवेगळी येण्याचे कारणही तेच असावे. न्यूट्रल न सापडणे, दुसऱ्याला दोनदा पाय मारावा लागणे आणि तिसरा निसटणे या तिन्ही गोष्टींचे मूळ एकच असेल असे धरून चालू नका.

पहिली तपासणी फुकट आहे. गाडी इतकी चालवा की तक्रार सुरू होईल, मग कडेला थांबून इंजिन बंद करा, क्लच दाबा आणि गाडी हलकेच पुढे-मागे हलवत पाचही गिअर चढवून उतरवून पाहा. हलवणे महत्त्वाचे आहे, कारण आपल्या गाड्यांमध्ये सगळे गिअर कायम एकमेकांत गुंतलेलेच असतात. सरकतो तो एक गिअर, आणि त्याच्या कडेला असलेले डॉग म्हणजे जाडसर दाते शेजारच्या गिअरच्या खाचांत शिरतात. गाडी जागेवर ठेवली तर दाता दात्यासमोर येऊन अडतो, आणि अगदी नव्या गाडीतही गिअर पडत नाही.

इंजिन बंद असताना न्यूट्रल बोटाने दाबल्यासारखे अलगद सापडत असेल आणि चालू इंजिनावर सापडत नसेल, तर गिअरबॉक्सकडे पाहूही नका. तो क्लच पूर्ण सुटत नसल्याचा दोष आहे. क्लच दाबूनही इंजिनाची थोडी ताकद आतल्या शाफ्टवर जात राहते, दात्यांवरचा दाब सुटत नाही, आणि म्हणून ते ना बाहेर येतात ना नीट आत जातात. गाडी बोटभर सरकते असे आपण लिहिले आहे, त्यावरून माझा कौल क्लचकडेच आहे. बंद इंजिनातही गिअर अडत असतील, तर मग लिव्हर, लिंक रॉड, शिफ्ट शाफ्ट आणि आतल्या ड्रमवर, म्हणजे गिअर सरकवणाऱ्या खाचांच्या नळकांड्यावर, दाबून बसणारा रोलर व त्याची स्प्रिंग यांचा विचार करावा लागेल.

काळी_माती (जिंतूर)

गोदाकाठ यांच्याशी सहमत आहे. तरीही त्यांच्या तपासणीआधी पाच मिनिटे गाडीच्या डाव्या बाजूला उकिडवे बसा, असे सुचवतो. आमच्याकडे पावसाळ्यात पाणंदीने शेतात गाडी नेली की काळी माती लिंक रॉडच्या दोन्ही टोकांच्या बॉल जॉइंटमध्ये आणि लिव्हरच्या पिनेवर भरते, आणि ऊन पडले की विटेसारखी घट्ट होते. वरून गाडी धुतली तरी लिव्हरच्या मागच्या फटीत ती तशीच राहते. मग लिव्हर दाबला जातो, पण पूर्ण परत येत नाही. तो परत आला नाही तर आतली पंजाची पट्टी पुढच्या पिनेला पकडत नाही, आणि आपल्याला वाटते की गिअर पडला नाही. दुसऱ्याला दोनदा पाय मारावा लागतो, ही तक्रार मला याच जातीची वाटते.

लिव्हर हाताने दाबून अगदी हळू सोडा आणि तो शेवटपर्यंत आपणहून वर येतो का ते पाहा. नंतर लिंक रॉडचे एक टोक सुटे करून इंजिनाच्या शाफ्टवरचा छोटा आर्म तेवढा हलवून पाहा. आर्म मोकळा असेल आणि लिव्हर जड असेल, तर सगळा दोष बाहेरच आहे. रॉकेल, जुना दात घासण्याचा ब्रश आणि थोडे ग्रीस एवढ्यावर काम भागते. एक लक्षात ठेवा: बऱ्याच गाड्यांत त्या रॉडच्या एका टोकाला सरळ आटे आणि दुसऱ्या टोकाला उलटे आटे असतात, त्यामुळे एका बाजूचा चेक नट उलटा फिरवावा लागतो. जोर लावून पाना मोडण्याआधी आटे पाहून घ्या.

मांजरा (लातूर)

मला क्लच केबलविषयी लिहायचे आहे. गाडीचे हँडल मूळचे आहे की बदललेले? मी हे विचारते याला कारण आहे. आमच्या ग्रुपमधील एका गाडीला उंच हँडल बसवले होते, परंतु केबल जुन्याच लांबीची ठेवली होती. सरळ रस्त्यावर काही जाणवत नसे. हँडल डावीकडे पूर्ण वळवले की केबल ताणली जाई, आणि त्या ताणामुळे क्लच घसरू नये म्हणून मेकॅनिकने अॅडजस्टर इतका सैल ठेवला होता की सरळ हँडलवर क्लच पूर्ण दाबूनही प्लेटा जेमतेम सुटत. अहमदपूर ते लोहा या पट्ट्यात उन्हाळ्यात दुपारी त्या गाडीला न्यूट्रल सापडत नसे, आणि गाडीचा मालक गिअरबॉक्सला शिव्या देत असे.

तपासणी सोपी आहे. गाडी मेन स्टँडवर घेऊन क्लच लिव्हरच्या मुळाशी किती ढिलाई आहे ते हँडल सरळ असताना, पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे असे तीनदा पाहावे. ती तिन्ही ठिकाणी सारखी, म्हणजे मुळाशी साधारण दोन-तीन मिलिमीटर असली पाहिजे. कमी-जास्त होत असेल तर केबलचा मार्ग किंवा लांबी चुकली आहे. सोबतच लिव्हरजवळचे केबलचे टोक बाहेर काढून पाहावे. तिथे तारेचे दोन-चार पदर तुटून कुंचल्यासारखे उभे राहिले असतील, तर ती केबल बदलायलाच हवी, कारण उरलेले पदर ताणले जातात आणि सकाळी लावलेली ढिलाई संध्याकाळपर्यंत दुप्पट होते.

येझदीप्रेमी (उदगीर)

या निमित्ताने थोडे विषयांतर करतो. आमच्या येझदीला किकचा आणि गिअरचा लिव्हर एकच असे, आणि गिअरचा लिव्हर दाबला की क्लच आपणहून सुटे. म्हैसूरचा तो कारखाना १९९६ साली बंद पडला, पण क्लच केबल तुटली म्हणून येझदीवाला रस्त्यात अडकून पडला, असे सहसा होत नसे. बुलेटच्या जुन्या, उजव्या पायाच्या गिअरच्या गाड्यांना तर न्यूट्रल शोधण्यासाठी वेगळी पट्टीच दिलेली असे. टाचेने दाबली की दुसऱ्या, तिसऱ्या किंवा चौथ्यातून गाडी थेट न्यूट्रलमध्ये येई. न्यूट्रल शोधण्याचा त्रास नवा नाही, एवढेच सांगायचे होते.

दर_फर्लांगाला_खड्डा (बीड)

येझदीवाले, आपली गाडी रस्त्यात अडकत नसे हे मान्य आहे, परंतु ती मुळात रस्त्यावर यायलाच किती किका लागत, याचाही खुलासा व्हावा.

येझदीप्रेमी (उदगीर)

प्लग स्वच्छ असेल तर एक. नसेल तर आजूबाजूच्या मुलांना बोलवावे लागे, हे कबूल करतो.

बालाघाटचा_वाटसरू (अंबाजोगाई)

सर्वांचे आभार. गोदाकाठ यांनी सांगितलेली तपासणी केजजवळ, भर दुपारी, उसाच्या ट्रॉल्यांच्या रांगेमागे बराच वेळ पहिल्या-दुसऱ्यात रखडल्यावर केली. चालू इंजिनावर न्यूट्रल सापडत नव्हते. इंजिन बंद करताच पायाच्या पहिल्या स्पर्शाला सापडले. बाकीचे चारही गिअर बंद इंजिनावर विनातक्रार पडले. मांजराताईंनी विचारलेले हँडल मूळचे नाही. पहिल्या मालकाने ते उंच करून घेतलेले आहे. हँडल डावीकडे वळवल्यावर क्लच लिव्हरची ढिलाई जवळजवळ नाहीशी होते आणि सरळ केल्यावर चांगली बोटभर होते. लिंक रॉडच्या मागच्या बॉल जॉइंटमध्ये खेळही आहे. रबराची टोपी फाटलेली आहे आणि आत वाळलेला चिखल आहे.

ऑइलविषयी कोणी काहीच लिहिले नाही. मॅन्युअलप्रमाणे २०डब्ल्यू-५० घातलेले आहे. त्याचा काही संबंध असू शकतो का?

हॉबिंग_वाळूज (छत्रपती संभाजीनगर)

असू शकतो, परंतु लोक समजतात त्या बाजूने नाही. क्लच घसरणे आणि क्लच न सुटणे हे एकमेकांच्या उलट दोष आहेत. मोटारीचे, इंधन वाचवणारे म्हणून विकले जाणारे ऑइल मोटारसायकलच्या ओल्या, म्हणजे ऑइलमध्येच बुडून चालणाऱ्या क्लचला घातले, तर त्यातल्या घर्षण कमी करणाऱ्या द्रव्यांमुळे प्लेटा घसरू लागतात. रेस वाढते, वेग वाढत नाही. म्हणूनच डब्यावर जासो (मोटारसायकलच्या ऑइलचे जपानी मानक) एमए किंवा एमए-२ असे लिहिलेले पाहून ऑइल घ्यावे. जासो एमबी हे ज्या स्कूटरचा क्लच ऑइलमध्ये नसतो तिच्यासाठी असते. आपली तक्रार क्लच न सुटण्याची आहे. त्यात ऑइलचा वाटा असेल तर तो इतकाच, की ते पातळीपेक्षा जास्त भरलेले असेल किंवा फार जुने होऊन त्याचा गुण गेला असेल. ग्रेड योग्य आहे, तेव्हा पातळी पाहा आणि पुढे चला.

आयडलिंगही पाहून घ्या. पूर्वीच्या मालकांना स्लो रेस वाढवून ठेवण्याची सवय असते, कारण गाडी सकाळी बंद पडत नाही. इंजिन गरम झाले की तीच रेस आणखी चढते, आणि मग न्यूट्रलमधून पहिला टाकताना जो खाडकन आवाज होतो त्यातला अर्धा त्या चढलेल्या रेसचा असतो. गरम इंजिनावर मिनिटाला चौदाशेच्या आसपास फेरे ठेवून पाहा.

ऑइल काढाल तेव्हा मात्र ते नुसते फेकू नका. स्वच्छ पांढऱ्या फडक्यातून गाळा. बोटाला काळपट राखाडी लेप लागला तर तो रोजच्या झिजेचा असतो आणि त्याची काळजी करू नये. बोटांच्या चिमटीत टोचणारे, उन्हात चमकणारे कण आले तर ते गिअरच्या कोपऱ्यांचे असू शकतात. तिसरा निसटण्याच्या तक्रारीविषयी तो फडका आपल्याला पुष्कळ सांगेल.

चेनवाला (परभणी)

कोणी चेनचे नाव घेतले नाही याचे आश्चर्य वाटते. चेन फार सैल असेल तर रेस सोडताना आणि देताना झटका बसतो, फार ताठ असेल तर बाहेर येणाऱ्या शाफ्टवर सतत ओढ राहते, आणि दोन्ही वेळा मालकाला वाटते की गिअर खराब आहेत. मागच्या चाकाच्या हबमधली रबरे बसली तरीही तसाच धक्का येतो. मागचे चाक हाताने फिरवत चेन सर्वांत ताठ कुठे होते ते शोधा आणि ढिलाई तिथेच मोजा. साधारण पंचवीस ते पस्तीस मिलिमीटर खाली-वर व्हायला हवी, नेमका आकडा मॅन्युअलमध्ये मिळेल. इंजिनाजवळचा छोटा स्प्रॉकेट हाताने हलवून पाहायला विसरू नका, कारण त्याचे लॉकचे बोल्ट ढिले झाले की उतारावर येणारा आवाज थेट गिअरबॉक्समधूनच आल्यासारखा वाटतो.

लेथवाला (जालना)

मी गेली बरीच वर्षे गाड्यांची कामे करून देतो, म्हणून तिसऱ्या गिअरविषयी स्पष्टच लिहितो. तो बाहेरून दुरुस्त होणार नाही. उतारावर निसटतो आणि चढावर निसटत नाही, याचा अर्थ डॉगची एक बाजू गोल झाली आहे. रेस दिल्यावर दात्याची एक कड दाबली जाते आणि रेस सोडल्यावर दुसरी. आपली दुसरी कड गेली आहे. डॉगना थोडा आत कललेला कट दिलेला असतो, त्यामुळे ताकद आली की दोन गिअर एकमेकांना ओढून घेतात. ती कड गोल झाली की तीच ताकद त्यांना दूर ढकलते. उपाय खर्चिक नाही. डॉग वेल्डिंगने भरून घ्यावेत आणि ग्राइंडिंग करून कोपरे पुन्हा काढावेत. मी असे कित्येक गिअर करून दिलेले आहेत.

हॉबिंग_वाळूज (छत्रपती संभाजीनगर)

लेथवाला यांचे निदान शंभर टक्के बरोबर आहे, आणि उपाय मला मान्य नाही. माझे रोजचे काम गिअर कापण्याच्या यंत्रावर आहे, त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

मोटारसायकलचा गिअर आरपार कडक नसतो. तो कमी कार्बनच्या मिश्र पोलादाचा करतात, कापून झाल्यावर भट्टीत त्याच्या पृष्ठभागात कार्बन मुरवतात आणि मग एकदम थंड करतात. त्यामुळे वरचा थर, जेमतेम मिलिमीटरभर किंवा त्याहूनही कमी, अतिशय कडक होतो, म्हणजे कडकपणा मोजण्याच्या रॉकवेलच्या सी मापावर साठच्या आसपास, आणि आतला गाभा त्यापेक्षा बराच मऊ व चिवट राहतो. गाभा मऊ असतो म्हणून दाता झटक्याने तुटत नाही, आणि थर कडक असतो म्हणून तो लवकर झिजत नाही. वेल्डिंगची उष्णता या दोन्हींची वाट लावते. भरलेल्या जागेच्या शेजारचा थर मऊ पडतो, भरलेली जागा वेगळ्याच धातूची होते, आणि दोघांच्या सांध्यावर बारीक तडा जाण्याची शक्यता राहते. असा डॉग काही काळ चांगला चालतो, हे मी नाकारत नाही. परंतु तो तुटला तर तुकडा गिअरबॉक्समध्येच पडतो, आणि दोन गिअरच्या मध्ये सापडला तर घाटात मागचे चाक जागेवर अडकू शकते. मागे माणूस बसवून फिरणाऱ्याने ही जोखीम का घ्यावी?

लेथवाला (जालना)

आपले शास्त्र योग्य असेल, परंतु ज्या गाडीचे सुटे भाग कंपनीने बंद केले आहेत तिच्या मालकाने काय करावे, हे आपल्या शास्त्रात बसत नाही. राजदूत आणि येझदीवाले माझ्याकडे येतात, ते हौस म्हणून नव्हे. मी भरल्यानंतर पुन्हा हार्डनिंगही करून घेतो.

हॉबिंग_वाळूज (छत्रपती संभाजीनगर)

भागच मिळत नसतील तर माझा आक्षेप सौम्य होईल. इथे भाग मिळतात की नाही, हे आधी पाहायला हवे.

मांजरा (लातूर)

आपला वाद वाचनीय आहे. मात्र वाटसरू यांनी इंजिन उघडण्याआधी काय तपासावे असे विचारले होते. तिसरा निसटतो तेव्हा लिव्हर पूर्ण बसलेला असतो का, हेही बाहेरून पाहण्यासारखे आहे. लिंक रॉडमध्ये खेळ असेल किंवा बुटाच्या मानाने लिव्हर फार खाली असेल, तर गिअर अर्धाच जातो, डॉग निम्मेच गुंततात आणि मग निसटतात. घाटात उतरताना तिसऱ्यात आल्यावर लिव्हरवरून पाय काढून घ्या आणि निसटतो का ते पाहा. पाय लिव्हरवर टेकलेला राहिला तरीही गिअर सुटू शकतो. आर्म आणि लिंक रॉड यांच्यातला कोन काटकोनाच्या जवळ ठेवला की लिव्हरचा पूर्ण प्रवास आत पोहोचतो.

गोदाकाठ (नांदेड)

मांजराताईंच्या मुद्द्यात भर घालतो. गाडी कधी डाव्या बाजूला पडली असेल तर शिफ्ट शाफ्ट किंचित वाकलेला असू शकतो. इंजिनाच्या बाजूला डोळा लावून आर्म हलवावा. शाफ्टचे टोक जागेवर न फिरता डोलत असेल तर तो वाकला आहे, आणि त्याच्या ऑइल सीलभोवती ओलही दिसेल. आर्मच्या आतल्या खाचा झिजल्या असतील तर आर्म शाफ्टवर थोडा घसरतो. आर्म काढताना त्याचा बोल्ट पूर्ण बाहेर काढा, नुसता सैल करून ठोकू नका; तो बोल्ट शाफ्टच्या खाचेतून जातो.

बालाघाटचा_वाटसरू (अंबाजोगाई)

बरेच दिवस लिहिले नाही, कारण काम टप्प्याटप्प्याने केले. सुरुवातीला लिंक रॉडचे दोन्ही बॉल जॉइंट बदलले आणि आर्म एक खाच पुढे बसवला. दुसऱ्याला दोनदा पाय मारण्याचा त्रास त्याच दिवशी संपला. शाफ्ट सरळ आहे. नंतर उंच हँडलच्या मापाची लांब केबल घातली आणि तिचा मार्ग हेडलाइटच्या मागून मोकळा काढला. आता हँडल कुठेही वळवले तरी ढिलाई सारखीच राहते. न्यूट्रलचा त्रास निम्म्याहून कमी झाला, परंतु तासाभराच्या उन्हातल्या प्रवासानंतर तो थोडा शिल्लक होता.

म्हणून ऑइल बदलायचेच होते त्या दिवशी माझ्या नेहमीच्या मिस्त्रींकडून उजव्या बाजूचे क्लच कव्हर उघडून घेतले. प्लेटा बऱ्या होत्या, स्टीलच्या प्लेटा काचेवर ठेवून पाहिल्या, त्याही सपाट होत्या. क्लचच्या बाहेरच्या भांड्याच्या बोटांवर मात्र प्लेटांच्या कानांनी खाचा पाडलेल्या होत्या; नखाने चाचपडले तर नख प्रत्येक खाचेत अडकत होते. क्लच दाबल्यावर प्लेटा मोकळ्या सरकण्याऐवजी त्या खाचांत अडकून राहत असणार. मिस्त्री म्हणतात की कानस मारून खाचा सपाट करू. तसे करावे का?

हॉबिंग_वाळूज (छत्रपती संभाजीनगर)

खाच अगदी उथळ असेल आणि कानस मारल्यावर सगळ्या बोटांवरून सारखाच धातू जाणार असेल, तर चालते. नख अडकेपर्यंत खाच गेली असेल तर नका करू. कानस हाताने मारताना एका बोटावरून जास्त आणि दुसऱ्यावरून कमी धातू निघतो, मग प्लेटचे दोनच कान ओझे घेतात आणि तिथे नवी खाच लवकर पडते. भांडे बदला. आणखी एक: कव्हर उघडलेच आहे तर तिथेच ड्रमच्या चांदणीवर दाबून बसणारा रोलर आणि त्याची स्प्रिंगही बदलून घ्या. ती स्वस्त असते, आणि तिच्यासाठी इंजिन फोडावे लागत नाही.

फडक्यावर काय आले?

बालाघाटचा_वाटसरू (अंबाजोगाई)

भांडे आणि स्प्रिंग दोन्ही बदलले. अंबाजोगाईहून लातूरला भर दुपारी जाऊन आलो; गाव लागल्यावर प्रत्येक चौकात न्यूट्रल पहिल्या स्पर्शाला लागले, आणि पहिला टाकताना गाडी जागची हलत नाही. क्लचचा विषय संपला असे मानतो.

फडक्यावर राखाडी लेप होता आणि त्यात चिमटीत टोचणारे चार-पाच चमकते कण होते. मांजराताईंनी सांगितल्याप्रमाणे मांजरसुंब्याच्या उतारावर पाय पूर्ण बाजूला ठेवून तिसऱ्यात उतरलो. तरीही तो निसटला. म्हणजे तिसऱ्यासाठी इंजिन उघडावेच लागणार, असे दिसते.

लेथवाला (जालना)

उघडावे लागणारच होते. तोपर्यंत घाट चौथ्यात किंवा दुसऱ्यात उतरा, तिसऱ्यात नको. प्रत्येक वेळी निसटताना डॉग एकमेकांना घासत जातात आणि शेजारचा चांगला गिअरही खराब करतात.

चेनवाला (परभणी)

उघडताना तिसरा एकटा बदलू नका. ज्याच्या खाचांत त्याचे डॉग शिरतात तो शेजारचा गिअरही बदला, नाहीतर नव्या कडा जुन्या गोल खाचांत बसतील आणि गाडी पुन्हा तशीच होईल. शिफ्टिंग फोर्कची, म्हणजे गिअर सरकवणाऱ्या चिमट्याची, टोके निळसर झाली आहेत का ते पाहा. गिअर निसटू पाहतो तेव्हा त्याला धरून ठेवण्याचा सगळा जोर फोर्कवर येतो, त्या घर्षणाने तो तापतो आणि वाकतोही. सगळे ऑइल सील आणि गॅस्केट नवीच घाला, कारण एवढे उघडल्यावर एका जुन्या सीलसाठी पुन्हा इंजिन उतरवणे परवडत नाही. शाफ्टवरचे वायसर काढताना ज्या क्रमाने निघतील त्याच क्रमाने एका तारेत ओवून ठेवा आणि मोबाइलवर फोटो काढा.

बालाघाटचा_वाटसरू (अंबाजोगाई)

दोन्ही गिअर आणि एक फोर्क मिळतील असे दुकानदाराने सांगितले आहे. मृगाआधी काम उरकतो. हॉबिंगसाहेब, जुने गिअर आपल्याला पाहायचे असतील तर जपून ठेवू का?

हॉबिंग_वाळूज (छत्रपती संभाजीनगर)

अवश्य ठेवा. एसटीच्या पार्सलने पाठवले तरी चालेल. झिजलेल्या कडेवर कडक थर किती उरला आहे ते मला यंत्रावर मोजून पाहायचे आहे. लेथवाला यांनी भरलेला एखादा जुना गिअर त्यांच्याकडे पडून असेल तर तोही पाठवावा. दोन्ही शेजारी ठेवून मोजतो आणि आकडे इथेच लिहितो.

लेथवाला (जालना)

पडून आहे. पाठवतो. मात्र आकडे माझ्या बाजूने आले तरी ते लिहावेत, एवढी अट आहे.